धंद्याची आगोट

मे महिना सरत आला की आमच्या मालवण पट्ट्यात घरोघरी एक शब्द ऐकू येऊ लागतो : आगोट. घाटावरच्या वाचकांना तो कदाचित नवा वाटेल. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. उकडे तांदूळ, कुळथाचे पीठ, जाडे मीठ, कांद्याच्या माळा, सुके बांगडे, गोलमो, वर्षाची सोले, चुलीसाठी लाकडे आणि शेणी. पडवीत पावसाची झड येऊ नये म्हणून माडाची झापे बांधायची. हे सगळे मृग लागायच्या आत उरकायला हवे. नंतर पैसे असले तरी वस्तू मिळायची नाही, आणि मिळाली तरी व्हाळाला पाणी आले की ती घरापर्यंत यायची नाही. कांद्याची शेवटची माळ वाशाला अडकवून झाली की माझी आई खळ्यात येऊन आभाळाकडे बघत म्हणायची, "आता पड रे पावसा, किती पडतंस ता बघूया."

आता रस्ते झाले, पूल झाले, भर जुलैतही बाजारात सगळे मिळते. त्यामुळे घरातली आगोट निम्म्याहून कमी झाली आहे. पण आज मला त्या शब्दाची आठवण होते आहे ती वेगळ्या कारणाने.

इतर ठिकाणी मंदी दहा-बारा वर्षांनी एकदा येत असेल. आमच्या किनाऱ्यावर ती दरवर्षी १ जूनला येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, होड्या वर ओढलेल्या. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडी वाहतूक बंद. आंबा-काजूचा हंगाम संपलेला. उत्पन्न थांबलेले आणि खर्च मात्र चालू, यालाच मंदी म्हणायचे असेल तर कोकणातल्या बाईइतका तिचा सराव दुसऱ्या कुणाला नसेल. आणि तरीही गंमत अशी, की घराची आगोट न चुकता भरणारी हीच माणसे दुकान काढतात, खानावळ घालतात, कारखाना टाकतात, तेव्हा धंद्याची आगोट भरायला विसरतात. बँकेच्या खुर्चीत बसून तीस वर्षांहून अधिक काळ मी हे पाहिले. त्यात एकदा माझेही माप चुकले. ते सांगणार आहेच. पण त्याआधी बाबांच्या दुकानाची गोष्ट.

मनीऑर्डर थांबली तेव्हा

१९८२ साल. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा जेमतेम आठ महिन्यांचा होता. १ मे १९८१ रोजी तो रत्नागिरीपासून वेगळा झाला होता. मी नुकताच बी.कॉम. होऊन नोकरीचे अर्ज पाठवीत बाबांच्या किराणा दुकानात बसत होतो. दुकान म्हणजे पडवीच्या एका बाजूला ठोकलेल्या चार फळ्या आणि एक तराजू. पण आसपासच्या वाड्यांना तेवढाच आधार. या वाड्यांतल्या जवळजवळ प्रत्येक घरातला एक तरी पुरुष मुंबईला होता, आणि मुंबईला म्हणजे बहुतेक वेळा परळ-लालबागच्या गिरणीत. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन मनीऑर्डरी घेऊन येई. त्या दिवशी बाबांची खतावणी उघडे, मागची उधारी फिटे आणि लगेच पुढची सुरू होई. गावात शेती होती, पण ती पोटापुरतीही नव्हती. गाव चाले तो पोस्टमनच्या पिशवीवर.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठहून अधिक गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. मुंबईत पुढे काय झाले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. गावच्या दुकानदाराचे काय झाले, यावर फारसे कुणी लिहिले नाही. फेब्रुवारीत मनीऑर्डरी आल्या, पण निम्म्या रकमेच्या. मार्चमध्ये पोस्टमन दिसला की बायका खळ्यात येऊन उभ्या राहत आणि तो लांबूनच मान हलवून पुढे जाई. एप्रिलमध्ये मनीऑर्डरीऐवजी माणसेच आली. पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन चाकरमानी एस.टी.तून उतरू लागले. दर घरात खाणारे तोंड एक वाढले आणि येणारा पैसा शून्य झाला.

मार्चअखेरीच्या एका रात्री बाबा खतावणी घेऊन बसले आणि मला बेरीज करायला सांगितले. लोकांकडे उधारी साडेसहा हजार. दुकानातला माल दोन हजारांचा. मालवणच्या घाऊक व्यापाऱ्याचे देणे चार हजार. मी कॉमर्सचा पदवीधर. मी ऐटीत सांगितले, "बाबा, आपण साडेचार हजारांनी वर आहोत." बाबांनी काही न बोलता गल्ल्याचा खण ओढून माझ्यासमोर ठेवला. त्यात एकसष्ट रुपये होते.

वहीतला नफा आणि गल्ल्यातली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कॉलेजच्या तीन वर्षांत कुणी शिकवले नव्हते. ते त्या खणाने शिकवले. पुढे बँकेत शेकडो ताळेबंद वाचताना मला आधी तो खणच आठवत असे.

बाबा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी त्या रात्री दुकानातल्या मालाच्या दोन याद्या केल्या. तांदूळ, मीठ, तेल, गूळ, चहाची पूड आणि काड्यापेटी ही पहिली यादी. हे उधारीवर द्यायचे, पण पूर्वीच्या निम्मे. बिस्किटे, वासाचे तेल, पावडर, बिड्या ही दुसरी यादी. हे फक्त रोखीने. बिड्या रोखीने म्हटल्यावर वाडीत ओरड झाली, पण बाबा हलले नाहीत. दुसऱ्या यादीतला माल संपला तसा त्यांनी तो पुन्हा भरलाच नाही. त्यात अडकलेला पैसा तांदळाला मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी ते मालवणला गेले. व्यापाऱ्याचा माणूस वसुलीला येण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. आईच्या पाटल्या सोसायटीत ठेवून आणलेल्या पैशांतले पाचशे रुपये त्यांनी गादीवर ठेवले आणि सांगितले, की बाकीचे थांबेल पण बुडणार नाही. दर सोमवारी मी येऊन जाईन. आणि खरोखरच ते दर सोमवारी गेले. कधी पन्नास रुपये दिले, कधी दहा. एका सोमवारी काहीच नव्हते, तेव्हा रिकाम्या हाताने जाऊन तसे सांगून आले. मला त्याची लाज वाटली होती. आज वाटते, की त्या वर्षातला त्यांचा सगळ्यांत शहाणा फेरा तोच होता. व्यापाऱ्याने त्यांचा माल एकदाही थांबवला नाही.

तिसरी गोष्ट हंगामाने सुचवली. मार्च ते मे काजूचे महिने. लोकांकडे पैसा नव्हता, पण परसात काजू होते, रतांब्याची झाडे होती. बाबा सांगू लागले, "पैसो नाय तर बी घेवन ये. बी पण पैसोच." तांदळाच्या बदल्यात काजूची बी, सोले, नारळ येऊ लागले. ते पोत्यांत भरून कारखान्याला आणि घाटावरच्या व्यापाऱ्यांना विकायचे काम माझ्याकडे आले. अशा वेळी बी अर्ध्या भावाने मिळत होती आणि अर्ध्या भावाने घेणारेही होते. बाबांनी मात्र दारावर पाटी टांगून रोजचा बाजारभाव खडूने लिहायला लावला, आणि त्यातून पोत्यामागे वाहतुकीचे चार आणे तेवढे कापले. एका शेजाऱ्याने त्यांना वेड्यात काढले. तेव्हा ते म्हणाले, "आज मी अर्ध्या भावान बी घेतलंय, तर उद्या ह्याच लोकांका तोंड खय दाखवतलंय?"

दुकान तरले. फुकट तरले नाही. माझ्या बहिणीचे लग्न दीड वर्ष पुढे गेले. आईच्या दोन पाटल्यांपैकी एकच परत आली. साडेसहा हजारांतले हजारभर रुपये कधीच आले नाहीत. ती पाने अजून त्या खतावणीत आहेत आणि खतावणी माझ्या कपाटात आहे.

पोत्यांच्या मागची टरफले

१९८३ च्या अखेरीस मी बँकेत लागलो. आता माझ्या चुकलेल्या मापाबद्दल.

१९९१ साली देशावर परकीय चलनाचे संकट आले. सोने परदेशात गहाण पडले, जुलैच्या १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले, हे सर्वांच्या लक्षात आहे. त्या काळात कर्जेही महाग झाली. मोठ्या कर्जांचे व्याज तर वीस टक्क्यांच्या घरात पोचले. त्याची झळ दिल्ली-मुंबईपुरती राहिली नाही. मी तेव्हा किनाऱ्याजवळच्या एका छोट्या शाखेत होतो आणि आमच्या कर्जदारांत एक काजू कारखानदार होता. कारखानदार म्हणजे काय, तर घराच्या मागे पत्र्याची शेड, बी उकडायचा बॉयलर, आणि हाताच्या यंत्रावर बी फोडणाऱ्या बावीस बायका.

काजूच्या धंद्याचे एक वैशिष्ट्य आहे. वर्षभर फोडायची बी तीन महिन्यांत विकत घ्यावी लागते. ती वाळवायची, उकडायची, फोडायची, गर भट्टीत तापवून त्याची साल काढायची, मग प्रत लावायची. एका पाउंडात २४० च्या आत गर बसले तर डब्ल्यू-२४०, ३२० च्या आत बसले तर डब्ल्यू-३२०. सुमारे चार किलो बियांतून एक किलो गर निघतो. म्हणजे मे महिन्यात कारखानदाराचा सगळा पैसा, आणि त्याहून जास्त बँकेचा पैसा, पोत्यांत बंद असतो. तो पुढे वर्षभर थोडाथोडा सुटतो. याला खेळते भांडवल म्हणतात. नावातच सांगितले आहे, की ते खेळते राहिले पाहिजे.

या गृहस्थाने दोन चांगल्या हंगामांनंतर घरावर स्लॅब घातला. त्यासाठी वेगळे कर्ज मागितले नाही. बियांसाठी घेतलेल्या पैशांतूनच तो घातला. पुढच्याच वर्षी व्याज वाढले, आणि दूरच्या शहरातल्या एका व्यापाऱ्याने दिवाळीच्या मालाचे पैसे अडवून ठेवले. बियांच्या पैशाचा स्लॅब झाला होता. स्लॅब चांगला असतो, पण तो भाजून विकता येत नाही.

दरमहा बँकेला मालाचा तक्ता द्यावा लागतो. तक्त्यात पोती पुरेशी होती. मी तपासणीला गेलो तेव्हा पहिल्या रांगेच्या पोत्यांत बी होती आणि मागच्या रांगांत टरफले भरलेली होती. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९२-९३ पासून थकीत कर्जांबाबत नवे कडक नियम येत होते, वरून रोज परिपत्रके येत होती. मी जे पाहिले ते लिहिले. खाते गोठले. सहा महिन्यांत कारखाना बंद पडला. बावीस बायका घरी बसल्या.

नियमाने मी बरोबर होतो. आजही तो अहवाल मी तसाच लिहीन. पण काही वर्षांनी तो गृहस्थ एस.टी. स्टँडवर भेटला. रागावलेला नव्हता. चहा पिताना सहज म्हणाला, "साहेब, टरफलां भरूच्या आधी दोनदा मी तुमच्या बँकेच्या पायरीपर्यंत इल्लंय. आत येवक धीर झालो नाय."

मला ते ठाऊक होते. त्यातल्या एका वेळी मी त्याला खिडकीतून पाहिले होते. मार्चअखेर होती, टेबलावर ढीग होता. येईल तर येईल, असे म्हणून मी मान खाली घातली. तेव्हा त्याला आत बोलावले असते, तर स्लॅबच्या रकमेचे वेगळे मुदतीचे कर्ज करून बियांचे खाते मोकळे करता आले असते. ते माझ्या अधिकारात होते. बाबा रिकाम्या हाताने व्यापाऱ्याकडे जात त्याचे मोल मला ठाऊक होते. पण रिकाम्या हाताने येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवणे हेही कुणाचे तरी काम असते, हे मी विसरलो होतो.

पुन्हा मुंबईच

१९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तारकर्ली, देवबाग, वायरी, आचरा, निवती अशा गावांतून माडांखाली राहण्या-जेवणाची घरे उभी राहिली. पुढे समुद्राच्या तळाची प्रवाळे दाखवणारे स्नॉर्केलिंग आणि स्कूबा डायव्हिंग आले. पापलेट, सुरमई, सोलकढी या आमच्या रोजच्या ताटाला भाव आला. सून घरातच राहून पैसे मिळवू लागली आणि मुलगा मुंबईला न जाता होडी चालवू लागला. फार चांगले झाले.

पण हिशेब मांडणाऱ्या माणसाच्या मनात एक शंका राही. पूर्वी मुंबईची मनीऑर्डर यायची, आता मुंबई-पुण्याचा पाहुणा येतो. पोट अजून घाटापलीकडच्या आणि खाडीपलीकडच्या पगारावरच आहे. तिकडचा पगार थांबला तर?

ते उत्तर २०२० च्या मार्चमध्ये मिळाले. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. एप्रिल-मे हे आमचे कमाईचे महिने. देवबागला माझ्या एका वर्गमित्राचा मुलगा आणि सून असे घर चालवतात. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी वाळूची पट्टी आणि तिच्यावर यांच्या पाच खोल्या. धंद्यासाठी बँकेचे कर्ज घेतलेले. सुनेने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला फोन केला. "काका, तेवीस कुटुंबांचो अ‍ॅडव्हान्स घेतलेलो आसा. एक लाख चाळीस हजार. खात्यात साठ आसत. काय करू गे आता?"

रडत नव्हती, पण आवाज कोरडा होता. आगाऊ घेतलेले पैसे खोल्यांच्या रंगकामात गेले होते. बियांच्या पैशाचा स्लॅब, छोट्या प्रमाणावर. मी तिला बाबांच्या सोमवारची गोष्ट सांगितली आणि म्हटले, आधी तू फोन कर. त्यांचा फोन येण्याची वाट बघू नकोस.

तिने पाहुण्यांचे रजिस्टर उघडले आणि तेवीसच्या तेवीस जणांना फोन लावले. पैसे परत देते, पण एकदम नाही जमणार, दोन हप्त्यांत देते. किंवा पुढे कधीही या, हेच पैसे धरू. चौदा कुटुंबांनी पैसे तसेच ठेवायला सांगितले. उरलेल्या नऊ जणांचे तिने गणपतीपर्यंत फेडले. ते रजिस्टर हे आपले खरे भांडवल आहे, हे तिच्या तेव्हाच लक्षात आले. त्या उन्हाळ्यात बाजार बंद असल्यामुळे इथले बागायतदार हापूसच्या पेट्या टेम्पोतून थेट मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांत पाठवीत होते. त्याच टेम्पोतून हिचा मालवणी मसाला, कोकमाचे आगळ, कुळथाचे पीठ आणि सुके बांगडे जुन्या पाहुण्यांकडे जाऊ लागले. महिन्याला आठ-दहा हजार सुटत. बाबांच्या दुकानातही पैसा नाही तर बी आली होती. इथे पाहुणा नाही तर त्याची मागणी आली.

कर्जाच्या हप्त्याचा प्रश्न होताच. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. पुष्कळांना वाटले, हप्ते माफ झाले. सवलत म्हणजे माफी नव्हे. थांबलेल्या हप्त्यावर व्याज चढतच असते. हे समजल्यावर ती जमेल तसे निदान व्याज भरीत राहिली. मे महिन्यात सरकारच्या हमीवर, फेब्रुवारीअखेरच्या धंद्याच्या येणे कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंत जादा कर्ज देण्याची योजना आली. तिला ते मिळाले, कारण तिचे खाते नियमित होते. त्याच वाडीत एक खानावळवाले होते, उभ्या आयुष्यात बँकेचे कर्ज न घेतलेले. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो रास्तही होता. पण ज्याच्या नावावर कर्ज नाही, त्याच्यासाठी त्या योजनेत काही नव्हते. त्यांनी व्याजाने खासगी पैसे उचलले आणि अखेर खानावळ दुसऱ्याला चालवायला दिली.

आणि संकट एका हंगामाचे नव्हते. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली, आणि १६ मे रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. माड मोडले, छपरे उडाली, आंबा-काजूच्या बागा झोपल्या, कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. देवबागच्या त्या घराचे दोन खोल्यांचे पत्रे गेले. त्या हिवाळ्यापासून पाहुणे पुन्हा येऊ लागले, तेव्हा पाचापैकी तीनच खोल्या द्यायच्या अवस्थेत होत्या. पण ज्यांनी पैसे तसेच ठेवले होते त्या चौदांतली बरीचशी कुटुंबे आली, आणि काहींनी सोबत दुसरी कुटुंबे आणली.

आगोट कशी भरायची

आता थोडा कोरडा हिशेब. पाच खोल्यांचे असे घर उदाहरणादाखल घ्या. पाहुणा असो वा नसो, दरमहा जाणारा पैसा आधी लिहायचा. कर्जाचा हप्ता अठरा हजार, एका मदतनिसाचा पगार नऊ हजार, वीज-फोन तीन हजार, दुरुस्ती आणि विमा चार हजार, आणि स्वतःचा घरखर्च सोळा हजार. हा शेवटचा आकडा लिहायला लोक विसरतात, जणू धंदेवाल्याला भूक नसते. बेरीज पन्नास हजार. पावसाचे चार महिने म्हणजे दोन लाख. ते उरलेल्या आठ महिन्यांत साठवायचे, तर महिन्याला पंचवीस हजार. खोलीचे भाडे दिवसाला दोन हजार धरले, तर दर महिन्याला पहिल्या बारा-तेरा दिवसांचे एका खोलीचे भाडे आपले नव्हे, पावसाचे आहे. ते वेगळ्या खात्यात गेले पाहिजे. महिनाअखेरीस उरेल ते बाजूला टाकू म्हणणाऱ्याची आगोट कधी भरत नाही. आई कांद्याच्या माळा आधी बांधी आणि मग जत्रेला जाई.

दुसरे, ज्या कामाचा पैसा त्याच कामाला. बियांचा पैसा बियांना, स्लॅबसाठी स्लॅबचे कर्ज, आणि आगाऊ घेतलेले पैसे पाहुणा येऊन जेवून जाईपर्यंत त्याचेच.

तिसरे, येणे वसूल करणे हा अपमान नव्हे. छोट्या उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत दिले पाहिजेत, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. मसाला करणारी, काजू फोडणारी बाईसुद्धा आपल्या उद्योगाची रीतसर नोंदणी करून त्याचा आधार घेऊ शकते. मोठ्या हॉटेलाकडे अडकलेले पैसे मागताना निदान आवाज तरी कापू नये.

आणि चौथे, हप्ता चुकण्याआधी बँकेत जावे. नव्वद दिवस थकले की खाते अनुत्पादक ठरते आणि मग मॅनेजरच्या हातात फारसे काही उरत नाही. त्याआधी बरेच असते. अडचणीत आलेल्या छोट्या उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये चौकट घालून दिली आहे. तिच्याप्रमाणे खाते थकण्याची लक्षणे दिसताच उद्योजक स्वतःही अर्ज करू शकतो. पायरीवरून परत जायचे कारण नाही. आणि खिडकीआडच्या साहेबाला माझी विनंती, की मान वर करून बघावे.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मी देवबागला गेलो होतो. सून खळ्यात कांदे वाळत घालीत होती. हात पुसून तिने आतून एक पासबुक आणून दाखवले. त्याच्या कव्हरवर बॉलपेनने 'आगोट' लिहिलेले होते. मला बरे वाटले. पण पासबुक परत घेताना तिने विचारले, "काका, पाऊस चार महिन्यांचो. मंदी किती महिन्यांची, ता कोण सांगतलो?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. बाबांजवळही नव्हते. १९८२ चा तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. गावातले काही लोक मरेपर्यंत म्हणत, संप अजून चालू आहे. बाबांचा माल सरला होता, रोकड सरली होती, पाटली गेली होती. तरीही घाऊक व्यापारी त्यांना तांदळाचे पोते देत राहिला. ते कशाच्या जोरावर, हे मी तिला सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात तिचा फोन वाजला. २०२० मध्ये पैसे तसेच ठेवलेल्यांपैकीच कुणी तरी होते. दिवाळीत दोन खोल्या हव्या होत्या. "अ‍ॅडव्हान्स पाठवू का?" पलीकडून विचारले असावे.

"आत्ता नको," ती म्हणाली, "पावसाळो संपल्यावर पाठवा. खोली तुमचीच आसा."